कामाचा हात

बुधवारच्या प्रार्थनासभेत सगळ्यांनी गोल बसायचं आणि एकेकानं एकेक वाक्य प्रार्थना करायची, अशी त्या चर्चच्या मंडळीची रीत होती. कुणाचं वाक्य शेजारणीच्या गुडघेदुखीपासून निघून परदेशातल्या नातवापर्यंत फिरून येई आणि तरी संपत नसे. काचताईचं वाक्य मात्र अकरा वर्षं एकच होतं. "प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे मला वापर. आमेन." एवढं म्हणून झालं की तिच्या मानेवरचं ओझं उतरे आणि उरलेली सभा ती निवांत ऐके.

काचताई हे नाव तिला प्रयोगशाळेत पडलं होतं. एका मोठ्या रुग्णालयाच्या रक्ततपासणी विभागात ती बावीस वर्षं नोकरीला होती. दिवसाचे सात तास काचेच्या पट्ट्या आणि नळ्या सोडल्या, तर तिचा कुणाशी फारसा संबंध येत नसे. सुरुवातीची दोन वर्षं ती बाहेरच्या खिडकीत रक्त घ्यायच्या कामावर होती. हात हलका होता, शीर पहिल्याच टोचण्यात सापडायची. तरी एका रुग्णानं तिच्याविरुद्ध लेखी तक्रार केली: 'या बाई माणसाचा हात नळाच्या पाइपासारखा धरतात. तोंडातून शब्द काढत नाहीत.' साहेबांनी तिची आतल्या खोलीत बदली केली. त्यांना वाटलं, आपण शिक्षा केली. तिनं घरी येऊन देवाचे आभार मानले.

त्या बुधवारी सभा संपल्यावर पाळकसाहेबांनी तिला खुर्च्या लावता लावता गाठलं. मंडळीची माणसं महिन्यातून एकदा गावाबाहेरच्या व्यसनमुक्ती केंद्रात जात. एक निवृत्त नर्सबाई तिथल्या लोकांचं रक्त घेत आणि त्या नळ्या तपासायला काचताईच्याच प्रयोगशाळेत येत.

"नर्सबाईंचं मनगट मोडलंय," पाळकसाहेब म्हणाले. "शनिवारी तुम्ही जाल?"

"मी आत असते, पाळकसाहेब. मशिनवर."

"रक्त घेता येतं ना?"

"येत होतं."

"मग झालं की."

"रक्त घेणं वेगळं. मला लोकांशी बोलता येत नाही. दुसरं कुणी तरी बघा."

"बघितलं. कुणी नाही." त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. "दर बुधवारी तुम्ही काय म्हणता ते मी अकरा वर्षं ऐकतोय. मला वाटलं, मनापासून म्हणत असाल."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, तिला रागावता तरी आलं असतं.

घरी सासूबाईंना ही बातमी तिच्याआधीच पोचली होती. मंडळीत कुणाला शिंक आली तरी सासूबाईंना आधी कळे.

"जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही," त्या वाटाणे सोलता सोलता म्हणाल्या. "म्हणताना वापर, वापर. आणि वापरायला काढलं की अंग चोरायचं. माळ्यावरची भांडीसुद्धा असे नखरे करत नाहीत."

"तसं नाही, आई. मला भीती वाटते."

"कशाची? सुईची?"

"माणसांची."

"मग माझ्याबरोबर वीस वर्षं कशी काढलीस? मी काय काचेची आहे?"

"तुम्हीच बोलता सगळं. मला बोलावं लागत नाही."

सासूबाईंनी यावर थोडा विचार केला आणि ते त्यांना पटलं. त्यांनी वाटाण्यांची परात बाजूला सारली, बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. "घे. माझ्यावर सराव कर. सासूला सुई टोचायची संधी किती सुनांना मिळते? देवानं दिलीय तर सोडू नको."

काचताईनं पिशवीतून सुई काढली. दंडाला रबरी पट्टा बांधला, बोटानं शीर चाचपली आणि एका टोचण्यात दोन मिली रक्त काढलं. वीस वर्षांत हात काही विसरला नव्हता.

"झालं? एवढंच?" सासूबाईंचा चेहरा उतरला. "मला वाटलं, मंडळीत चार जणींना सांगण्यापुरतं तरी दुखेल." मग कापूस दाबत त्या म्हणाल्या, "पण तो तक्रारवाला खरं बोलत होता हो. एक शब्द बोलली नाहीस. दुखलं का, एवढं तरी विचारावं. खोटं का होईना."

काचताईनं तीन वाक्यं ठरवली: 'नमस्कार.' 'थोडंसं टोचेल.' 'दुखलं का?' कुठलीही नवी चाचणी सुरू करायच्या आधी पायऱ्या लिहून काढायची तिला सवय होती, तशी तिनं ती एका कागदावर लिहून काढली. शुक्रवारी झोपण्याआधी तिनं प्रार्थना केली. केंद्रावर जायला बळ दे, असं मागायचा विचार होता. मागितलं ते असं की उद्या बस बंद असू दे.

बस वेळेवर आली.

केंद्र म्हणजे पूर्वीचं एक गोदाम होतं. एक लांबलचक खोली, भिंतीला लागून लोखंडी खाटा, खिडक्यांना जाळी, कोपऱ्यात स्वयंपाकाचा ओटा आणि मधोमध एक टेबल. सगळा कारभार बघणाऱ्या माणसाला तिथं किल्लीदादा म्हणत, कारण त्याच्या कमरेला सतरा किल्ल्या असत. तो स्वतः नऊ वर्षांपूर्वी याच खोलीतल्या एका खाटेवर होता. त्यानं बारा जणांना भिंतीजवळच्या बाकांवर ओळीनं बसवलं होतं.

काचताईनं टेबलावर पांढरं फडकं अंथरलं आणि त्यावर आपला ट्रे मांडला. सगळ्यात आधी पट्टा, मग स्पिरिट, मग कापसाचे बोळे, मग बारा सिरिंज एकमेकींपासून सारख्या अंतरावर, बारा सुया, बारा नळ्या. अशी मांडणी सबंध विभागात कुणाला जमत नसे. शिकाऊ मुलींना ती मुद्दाम दाखवायला आणत. पहिलं ठरलेलं वाक्य म्हणण्यासाठी ती वळली आणि थबकली.

खोलीत चिटपाखरू नसावं इतकी शांतता होती. एक जण छताकडे बघत होता. दुसरा स्वतःच्या दोन्ही हातांवर बसला होता. एक जण दाराशी जाऊन कडी वर-खाली करत होता. बाकीचे टेबलाकडे बघत होते, आणि त्यांची नजर तिला ओळखता येईना. तिला वाटलं, आपल्या कपड्यांना काही लागलं असावं.

किल्लीदादा आला, त्यानं जवळच्या खाटेवरचा टॉवेल उचलला आणि सबंध ट्रेवर टाकला.

"ताई, जरा बाहेर या."

बाहेर पायरीवर तो हळू आवाजात म्हणाला, "नर्सबाई सगळं पिशवीत ठेवायच्या. एका वेळी एकच काढायच्या, तीसुद्धा पाठ करून. तुम्ही उपाशी माणसांसमोर ताटं वाढून ठेवलीत."

काचताईला समजायला दोन सेकंद लागले. मग कानांपर्यंत रक्त चढलं. पट्टा, सुई, कापूस. तिच्या मांडणीत एक गोष्ट सोडली तर यांना जे लागतं ते सगळं होतं, आणि ते तिनं पांढऱ्या फडक्यावर सारख्या अंतरानं मांडून दाखवलं होतं.

"मी जाते," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात नर्सबाई येतील."

"जा की. दार उघडंच आहे. इथं कुणाला बांधून ठेवत नाहीत," किल्लीदादा म्हणाला. "पण एक सांगतो. कावीळवाले डॉक्टर तीन महिन्यांतून एकदा येतात. सोमवारी यायचेत. लिव्हरचा रिपोर्ट हातात असल्याशिवाय ते औषध सुरू करत नाहीत. अकरा जणांचं एक वेळ चालेल. पण आमचा वेल्डर दोनदा नर्सबाईंच्या खुर्चीवरून उठून पळालाय. म्हणजे सहा महिने गेले. त्याचे डोळे बघा, पिवळे झालेत. अजून तीन महिने त्याच्याकडे आहेत की नाही, ते तुमच्या मशिनला माहीत."

परतीची बस साडेअकराला होती. आता दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. काचताई पायरीवर तशीच उभी राहिली. प्रार्थना करावी असं तिच्या मनात आलं, पण शब्द सुचेनात, म्हणून ती नुसती उभी राहिली. मग ती आत गेली आणि बाकांसमोर थांबली.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. "मला कळायला हवं होतं. ट्रे हलवते."

हे वाक्य कागदावर नव्हतं. हातांवर बसलेल्या माणसानं हात बाहेर काढले आणि म्हणाला, "चालायचंच, ताई. आमच्या चुकांपुढं ही म्हणजे काहीच नाही." दोघं-तिघं हसले. कडीचा आवाज थांबला.

त्यांनी ओट्याजवळ दोरीवर चादर लावली. खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवली, म्हणजे बसणाऱ्याला बाहेरची भिंत आणि तिच्यावरची मांजर दिसेल, सुई दिसणार नाही. ट्रे मागं स्टुलावर गेला. एकेक जण आत आला. काचताईची तीन वाक्यं दुसऱ्या माणसापर्यंत टिकली. 'दुखलं का' असं विचारल्यावर तो म्हणाला, "छे हो. तुमचंच तोंड बघून वाटतंय तुम्हाला दुखलं."

चौथा माणूस ट्रकचालक होता. अंगानं दाराएवढा, आणि खुर्चीवर बसायच्या आधीच घामानं चिंब. तो चक्कर येऊन पडेल या धास्तीनं तिनं घाईघाईत सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला. जोरात ओढलं की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हे ती शिकाऊ मुलींना पहिल्याच दिवशी सांगत असे. पण त्या वेळी तिला तो आडवा होण्याआधी बाहेर काढायचा होता.

साडेअकराची बस गेली तेव्हा अकरा नळ्या थंड पेटीत होत्या.

वेल्डर शेवटी आला. काटकुळा, पन्नाशीचा, दोन्ही हातांवर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग. तो बसला. तिनं रबरी पट्टा उचलला, आणि तो न बघताच म्हणाला, "पट्टा नको."

"पट्ट्याशिवाय शीर वर येत नाही."

"पट्टा आवळला की मला पुढचं सगळं आठवतं. आवाजसुद्धा. मी उठून जाईन, ताई. आधी सांगून ठेवतो."

काचताईनं पट्टा पिशवीत टाकला आणि चेन लावली. मग किल्लीदादाला बोलावलं. "यांचा दंड तुम्ही हातानं धरा. इथं. घट्ट."

"हे चालतं?" वेल्डरनं विचारलं.

"रक्ताला काय कळतंय, रबर आहे की माणूस."

डाव्या हाताच्या शिरा दोरखंडासारख्या घट्ट झाल्या होत्या. ती बोटानं चाचपत राहिली. कोपरात एक जागा बरी वाटली, तिथं सुई घातली. काहीच आलं नाही. सुई काढली, कापूस लावला. वेल्डर खुर्चीच्या अगदी कडेला सरकला होता.

प्रयोगशाळेचा नियम होता: दोन प्रयत्न. त्यानंतर दुसऱ्याला बोलवायचं. इथं दुसरं कुणी नव्हतं, आणि एक प्रयत्न संपला होता.

"काहीतरी बोला," वेल्डर म्हणाला. "गप्प बसू नका. नर्सबाई सारख्या बोलायच्या. देवाचं तुमच्यावर प्रेम आहे, असं. ते नको. ते मी ऐकलंय. दुसरं काही बोला."

काचताईजवळ दुसरं काही नव्हतं. हवा, घर, मुलं, यांतलं एकही वाक्य जिभेवर येईना. जे माहीत होतं तेच तिनं सांगायला सुरुवात केली.

"ही नळी मी स्वतः घेऊन जाणार," ती म्हणाली. "तिथं अर्धा तास नुसती उभी ठेवायची. रक्त गोठतं. मग यंत्रात घालून फिरवायची. जड ते खाली बसतं आणि वर पिवळं पाणी राहतं. तपासायचं ते पाणी. लाल रंगाला सगळे घाबरतात, पण आम्ही तो टाकून देतो."

वेल्डर पुन्हा मागं टेकून बसला. "किती फिरवता?"

"दहा मिनिटं."

"तसं नाही. आरपीएम किती?"

"तीन हजार."

"फक्त? आमचा हँडग्राइंडर अकरा हजार फिरतो."

"अकरा हजारावर माझ्या नळ्यांचा भुगा होईल."

"मग तुमचं मशीन म्हणजे म्हातारीचा चरखाच," वेल्डर म्हणाला, आणि किल्लीदादाला हसू आल्यामुळं त्याची दंडावरची पकड सैल झाली. वेल्डरनं त्याला झापलं, "अरे, घट्ट धर की. रक्त काढताहेत, हळद लावत नाहीत."

मग तो थोडा वेळ भिंतीवरच्या मांजरीकडं बघत राहिला. शेवटी त्यानं उजवा हात पालथा करून तिच्यापुढं ठेवला. अंगठ्याच्या मागं, मनगटाजवळ एक निळी शीर होती. सरळ, मऊ, कुणी हात न लावलेली.

"ही कधी वापरली नाही," तो म्हणाला. "पार वाट लागली होती तेव्हासुद्धा नाही. पायाची वापरली, मानेची वापरली. पण हा कामाचा हात. यात वेल्डिंगची टॉर्च धरतो. हा हलला की जोड वाकडा जातो. म्हटलं, एवढा एक तरी ठेवू." तो थांबला. "तुमच्याकडून हा बिघडला तर?"

काचताईला ती शीर दिसत होती, आणि तिच्या शेजारून जाणारी नसही माहीत होती. तिथं सुई तिरकी गेली, तर अंगठा महिनाभर बधिर राहू शकतो. 'नको, पुढच्या वेळी नर्सबाई बघतील,' असं म्हणणं सोपं होतं आणि नियमात बसण्यासारखं होतं. कुणी तक्रार केली नसती.

"बिघडू शकतो," ती म्हणाली. "खोटं सांगत नाही. मी बारीक सुई घेते. हळू घेईन. पण शंभर टक्के सांगता येत नाही."

वेल्डरनं तिच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. डोळ्यांतला पांढरा भाग जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळा होता.

"तुम्ही चर्चकडून आलात ना? मग प्रार्थना करा. पण मोठ्यानं. काय मागताय ते मला कळू दे."

काचताईनं डोळे मिटले नाहीत, कारण एका हातात सुई होती. "प्रभू," ती म्हणाली, "यांचा हात चांगला राहू दे. यांना तो लागतो. शीर पहिल्याच टोचण्यात सापडू दे. अशी शीर मी वीस वर्षांत टोचलेली नाही. मला भीती वाटतेय. आमेन."

"तुम्हालाही?"

"हो."

"मग ठीक आहे," वेल्डर म्हणाला. "मला वाटलं, एकट्यालाच." आणि त्यानं मांजरीकडं तोंड वळवलं.

किल्लीदादानं मनगटाच्या वर दोन्ही हातांनी धरलं. तिनं सगळ्यात बारीक सुई जवळजवळ आडवी धरली आणि आत सरकवली. क्षणभर काहीच नाही. मग सुईच्या मुळाशी गडद थेंब दिसला. दट्ट्या तिनं केसाकेसानं ओढला. तीन मिलीला जवळजवळ दोन मिनिटं लागली. वेल्डर पूर्ण वेळ मांजरीबद्दल बोलत होता. तिचं डोकं कसं चालतं, ती स्वयंपाकघरातून काय काय पळवते, आणि किल्लीदादाच्या सतरा किल्ल्यांना ती कशी भीक घालत नाही.

सुई निघाल्यावर कापूस रुग्णानं स्वतः दाबायचा, अशी पद्धत होती. पण लिव्हर बिघडलेल्या माणसाचं रक्त लवकर थांबत नाही. काचताईनं स्टूल ओढलं, समोर बसली आणि स्वतःच्या अंगठ्यानं त्याचा हात दाबून धरला. पाच मिनिटं. बावीस वर्षांत तिनं कुणाचा हात इतका वेळ धरला नव्हता. वेल्डरचा तळवा खरखरीत आणि गरम होता.

"अंगठा हलवा," ती शेवटी म्हणाली.

त्यानं हलवला. मग पाचही बोटं एकेक करून हलवली, जणू दुसऱ्या कुणाची तपासतोय.

दुपारी तीनला काचताई आपल्या खोलीत, आपल्या टेबलाशी होती. बारा नळ्या यंत्रातून निघाल्या. बाराव्या नळीतलं वरचं पाणी गडद पिवळं होतं, पण स्वच्छ. तपासण्याजोगं. आकडे वाईट आले, पण डॉक्टरांनी औषधासाठी जी मर्यादा लिहून दिली होती, तिच्या आत आले. तिनं तपासणी पुन्हा एकदा लावली. तेच आकडे.

चौथी नळी मात्र गुलाबी झाली होती. पेशी फुटल्या होत्या. त्या नळीचे आकडे काढून उपयोग नव्हता.

रिपोर्ट एरवी पेटीत टाकले जात आणि शिपाई घेऊन जाई. ती बाहेरच्या टेबलापर्यंत चालत गेली आणि केंद्राचा नंबर लावला. फोन किल्लीदादानं उचलला.

"वेल्डरला द्या," ती म्हणाली.

पलीकडं किल्ल्यांचा आवाज, मग कुणीतरी पळत आल्याचा आवाज.

"बोला, ताई."

"हात कसा आहे?"

"थोडा निळा पडलाय. मघाशी चमचा धरून बघितला. हात थरथरत नाही."

"आकडे मर्यादेत आहेत. सोमवारी औषध सुरू होईल."

वेल्डर खाकरला. "बरं," तो म्हणाला. "बरं झालं."

"अजून एक आहे. चार नंबरची नळी माझ्या हातून बिघडली. त्यांची चूक नाही, माझी. मी ओढताना घाई केली. त्यांचं परत घ्यावं लागेल, आणि सोमवारच्या आत." तिनं श्वास घेतला. "उद्या उपासना झाली की मी येते. एकटीच येईन. त्यांना सांगाल?"

"ट्रकवाला?" वेल्डर हसला. "तो तर आत्तापासूनच खाटेखाली लपेल. अहो ताई, मघाशी मांजर अंगावरून गेली तरी त्याला घाम फुटला." मग त्यानं तोंड फोनपासून दूर नेऊन कुणाला तरी हाक मारली, पलीकडून नकाराची एक लांबलचक ओरड आली, आणि वेल्डर पुन्हा फोनवर आला.

"या तुम्ही," तो म्हणाला. "मी बसतो त्याच्याजवळ. दंड मी धरतो."